आमच्या गावाची पूर्वेकडची हद्द

आमचे गाव पूर्वेला नेमके कोठे संपते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे टिपण लिहायला घेतले. प्रश्न किरकोळ वाटेल. मलाही तो तसाच वाटला होता, आणि एका दुपारच्या फेरफटक्यात तो सुटेल असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात मला माझे पहिले उत्तर खोडावे लागले, आणि तेही अख्ख्या वाडीसमोर.

निमित्त घडले ते असे. ग्रामपंचायतीने गावाची माहितीपुस्तिका काढायचे ठरवले आणि निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून ते काम माझ्याकडे आले. पहिल्याच पानावर चतुःसीमा लिहायच्या होत्या. पश्चिमेची सीमा सोपी आहे. तिकडे खाडी आहे, आणि भरतीचे पाणी कोठवर येते ते चिखलातल्या रेषेवरून कोणालाही दिसते. खाडीकाठी माड आहेत. माडांच्या मागे मळा, म्हणजे भातशेतीची सपाट जमीन. मळ्याच्या कडेने, जमीन जिथे हातभर उंच होते तिथून घरांची ओळ लागते. घरांच्या मागे चढ आणि चढावर आंबा व वेंगुर्ल्याहून आणलेली काजूची कलमे. सर्वांत वर जांभ्या दगडाचा उघडा सडा. मी वर्गात मुलांना हे एका वाक्यात पाठ करायला लावत असे : भात ओल्यावर, घर कोरड्यावर, काजू चढावर. चौतीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य चुकलेला विद्यार्थी मला आठवत नाही.

पूर्वेकडून व्हाळ येतो. व्हाळ म्हणजे आमचा ओढा. पावसाळी भात कापून झाले की त्याला माती आणि फांद्यांचा बांध घालतात, पाणी मळ्यात फिरवतात आणि दुसरे पीक काढतात. या दुसऱ्या पिकाला वायंगण म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या पावसात हा व्हाळ फुटला. पूर्वी तो पूर्वेला मोठे वळण घेऊन येत असे. त्या दिवशी त्याने वळण सोडले आणि सरळ वाट काढली. वळणाच्या पोटात एकच घर होते. ते वाचले, पण पाण्याच्या दुसऱ्या बाजूला पडले. तिथे जाण्यासाठी मग साकव बांधला गेला आणि त्या घरच्या बाईला लोक ‘पलीकडची’ म्हणू लागले. हा पूर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, हे मुद्दाम नोंदवून ठेवते.

आता गावपळणीविषयी सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मालवणच्या परिसरातल्या काही गावांत ही रीत आहे आणि आमचे गाव त्यांतलेच. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेचा कौल घेतात. कौल मिळाला की सारे गाव तीन दिवस हद्दीबाहेर जाऊन राहते. माणसे जातात, गुरे जातात, कोंबड्या, कुत्री, मांजरे जातात. चुली विझवतात. हद्दीच्या आत कोणीही उरायचे नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देवाने होकार दिला तरच परत फिरायचे. तेव्हा हद्द ही आमच्याकडे कागदावर लिहून विसरण्याची बाब नाही. चूल कोठे पेटवायची आणि कोठे नाही, हे ती ठरवते.

माझ्या वहीत ‘पूर्वेस’ या शब्दापुढे जागा रिकामी होती आणि नेमक्या त्याच आठवड्यात कौल मिळाला. व्हाळ फुटल्यानंतरची ही पहिलीच गावपळण. मला काय वाटले ते कसे सांगू! आयुष्यभर ‘सीमा’ हा शब्द फळ्यावर लिहिला, आणि आता ती सीमा ओलांडताना सारे गाव पाहायला मिळणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडची माझ्याकडे आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी. नवरा मालवणच्या ट्रॉलरवर असतो आणि तेव्हाही समुद्रात होता. ती पायरीवरच उभी राहिली.

“बाईनू, तुमी हद्द मोजतास ना?”

“मोजते. का गं?”

“मगे माका एक सांगा. माजा घर आत काय भायर?”

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

“माजी तांबडी गाय व्याक इली आसा. गेल्या खेपेक वासरू पोटातच गेला, तेवा ती पण जातली होती. आता ह्या दिसांत तिका खंय चालवू? घर भायर आसला तर मी हयसरच रवतलंय. आत आसला तर...”

वाक्य तिने तिथेच सोडले. हद्द ज्यांना तोंडपाठ ते मानकरी आजोबा मुलीकडे मुंबईला गेले होते. म्हणून ती माझ्याकडे आली होती. “दुपारपर्यंत सांगते,” मी म्हटले, आणि शाळेतून होकायंत्र आणायला निघाले.

मी काय केले ते क्रमाने सांगते. प्रथम शाळेचे जुने दप्तर काढले. गावाच्या माहितीत सुवाच्य अक्षरात नोंद होती : पूर्वेस व्हाळ. मग व्हाळावर गेले आणि काठाकाठाने वरपासून खालपर्यंत चालले. पाणी घोट्याइतके होते. खंड्या पक्षी माझ्यापुढे एकेक फांदी धरून उडत होता आणि मी पावले मोजत होते. साकवापासून तिच्या अंगणापर्यंत एकेचाळीस पावले भरली, तीही पूर्वेला. म्हणजे घर व्हाळाच्या पलीकडे. म्हणजे हद्दीबाहेर. मी पुन्हा मोजले. पुन्हा एकेचाळीस. मी कागदावर तसे लिहिले, खाली सही केली आणि तो तिला दिला. तिने तो देवाच्या तसबिरीमागे खोचला आणि मला चहा करून दिला.

माझ्याकडून काय राहिले ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. पावले बरोबर होती. फक्त व्हाळ कोणता, हे मी कोणालाही विचारले नव्हते, स्वतःलाही नाही.

निघण्याचा दिवस उजाडला. दुपारी देवळात ढोल वाजला आणि गाव हलू लागले. असा देखावा ज्याने पाहिला नाही त्याला तो समजावून सांगणे कठीण आहे. टेम्पोत गॅसच्या टाक्या, वर गाद्या, गाद्यांवर डालग्यात कोंबड्या. रिक्षातून शिवणयंत्र डोकावत होते. एका घरचे मांजर ऐन वेळी माळ्यावर चढून बसले आणि चौघेजण सुक्या बांगड्याचा तुकडा दाखवून त्याची विनवणी करत होते. सगळीकडे हाका आणि हसणे.

“गो, घोवाक घराकडे इसारलंस काय?”

“तो आपल्या पायान येतलो. कोंबडे येवचे नाय!”

आमची वाडी नेहमी शेजारच्या गावच्या काजूच्या बागेत उतरते. ही बाग पूर्वेकडच्या चढावर, हद्दीच्या निःसंशय पलीकडे आहे. त्यामुळे हद्द नेमकी कोठून जाते याचा विचार करण्याची वेळ वाडीवर कधी आली नव्हती. दुपार कलेपर्यंत बागेत माडाच्या चुडतांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. माझे सामान तिथे टाकून मी वही आणि होकायंत्र घेऊन खाली आले, कारण मानकरी आजोबा आदल्या दिवशी परतले होते आणि शेवटची फेरी घालत होते. गावात एकही चूल पेटलेली नाही हे पाहून सर्वांत शेवटी त्यांनी बाहेर पडायचे, ही त्यांच्या घराण्याची जबाबदारी. वय ऐंशीच्या पुढचे. हातात काठी, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना साकवाजवळ गाठले आणि त्याच वेळी त्यांना पलीकडे धूर दिसला.

“ह्यो धूर कोणाचो?”

आम्ही दोघे साकव ओलांडून गेलो. ती चुलीवर गाईसाठी पेज शिजवत होती.

“माजोच, आजोबानू. माजा घर भायर आसा. बाईंनी लिवन दिलेला आसा.”

“बाईंनी?” आजोबा माझ्याकडे वळले.

मी वही उघडली आणि वाचून दाखवले : पूर्वेस व्हाळ.

“खंयचो व्हाळ?”

“हा.” मी मागे बोट केले.

त्यांनी त्या वाहत्या पाण्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बाईनू, व्हाळ हल्लो. शीम हलूक नाय.”

शीम म्हणजे शीव. वाक्य ऐकताक्षणी खरे वाटले, तरी जन्मभराची सवय सुटत नाही. “पुरावा आहे?” मी विचारले.

आजोबांना राग आला नाही. उलट, आपल्याला कोणीतरी विचारले याचा त्यांना आनंद झालेला दिसला. ते घराच्या मागच्या बाजूला चालू लागले. मी पावले मोजत त्यांच्या मागे. करवंदीच्या जाळीतून आम्ही व्हाळाच्या जुन्या पात्रात उतरलो. पात्र कोरडे होते, नुसते गोल गोटे. पैलकाठाशी त्यांनी काठीने पाचोळा बाजूला केला. “हय बगा.”

मी गुडघ्यांवर बसले आणि हातांनी माती काढली. खाली जांभ्याचा घडीव चिरा होता, त्याच्या माथ्यावर उभी-आडवी खाच. चिऱ्याच्या पायथ्याशी काळी पडलेली नारळाची दोन भकले, मागच्या गावपळणीला ठेवलेल्या नारळाची. मला लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो आनंद! मी होकायंत्र खाचेवर धरले, रेषा पकडली आणि दक्षिणेला चालत गेले. बासष्टाव्या पावलाला भेंडीच्या झाडाच्या मुळात दुसरा चिरा सापडला, तशीच खाच असलेला. मी ओरडलेच. वर बागेतल्या बायकांनी विचारले, “काय गावला गो बाईंका?”

मग मी वळून पाहिले. पलीकडची काठावर उभी होती.

“म्हंजे घर आत,” ती म्हणाली. “आता मी काय करू, बाईनू? कागद तुमचो.”

कागद माझाच होता. तिने आजोबांना विचारले, “एक गाय रवली तर काय होतला?”

“गाय रवली तर तू रवतलंस. तू रवलंस तर गाव रवलो. मगे बाकीचे कित्याक भायर पडले?”

हे ते कठोरपणे बोलले नाहीत. बोलता बोलता ते गोठ्यात शिरले आणि तांबडीच्या शेपटीच्या मुळाशी हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. कास भरली होती. ती पाय बदलत होती. “आज नाय,” ते म्हणाले. “फाल्या सकाळी. तिका चलवक हरकत नाय, पण सावकाश. घसारली तर मात्र कठीण.”

सूर्य खाडीवर कासराभर उरला होता. तो बुडण्याच्या आत बाहेर पडायचे होते.

गोंधळ ऐकून शेजारच्या गावचा बागवाला खाली आला. पात्राच्या पैलकाठाला, चिऱ्याच्या पलीकडे पंचवीस पावलांवर त्याचा मांगर आहे. मांगर म्हणजे शेतातला कुडाचा आडोसा. “मांगर मोकळो आसा,” तो म्हणाला, “पण मधी ह्ये गोटे. गाभण गाय ह्याच्यार कशी चलवतलास?”

गोट्यांवर मी स्वतः दोनदा घसरले होते. उपाय पलीकडचीलाच सुचला. तिच्या अंगणात नव्या भाताच्या पेंढ्याची उडवी होती. तिने एक भारा ओढला आणि पात्रात नेऊन पसरला. मग आम्ही सारे लागलो. बागेतून आठ-दहा बायका धावत आल्या. भारा उचलायचा, उतरायचे, पसरायचे, पायांनी दाबायचे, पुन्हा चढायचे. माझ्या केसांत, वहीत, चष्म्यात गवत गेले.

“बाईनू, हद्द मोजलास, आता भारे मोजा!”

“एकोणीस,” मी म्हटले. खरोखरच मोजत होते. त्यावर जो हशा पिकला तो थांबता थांबेना.

पेंढ्याची वाट पैलकाठापर्यंत पोचली. तांबडीला दावे धरून आणले. ती काठावर थांबली, तिने वाटेचा वास घेतला आणि वाट खायला सुरुवात केली.

“रस्तो खाता गो ही!” कोणीतरी किंचाळले. बागवाला पुढून ओढायला गेला तशी ती मागे सरली. पलीकडचीने त्याला बाजूला केले. चुलीवरची पेज घमेल्यात ओतून घेतली आणि तोंड गाईकडे करून, उलट्या पावलांनी, ती पात्रात उतरू लागली. घमेले गाईच्या तोंडापासून हातभर अंतरावर. “ये गो, ये माजे बाय, ये.”

तांबडीने एक पाय टाकला. मग दुसरा. मध्यावर पेंढा पातळ होता. तिथे तिचा पुढचा पाय गोट्यांमध्ये खचला आणि ती गुडघ्यावर आली. हसणे तोडल्यासारखे थांबले. पलीकडचीने घमेले खाली ठेवले, गाईच्या मानेखाली खांदा दिला आणि नुसती तशीच राहिली. कोणी ओढले नाही, कोणी हाकलले नाही. किती वेळ गेला ते मी मोजले नाही. या साऱ्या प्रकरणात न मोजलेली तेवढी एकच गोष्ट. मग तांबडीने मागच्या पायांवर जोर दिला, पाय सोडवला आणि ती उभी राहिली. उरलेली वाट ती जवळजवळ पळत गेली.

तिचे मागचे पाय चिऱ्याच्या पलीकडे पडल्यावर आजोबा परत घरात गेले. चुलीवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आम्हाला इकडे ऐकू आला. ते पात्र उतरून आले, चिऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि बाहेर पडले. सूर्य अजून पाण्याला टेकायचा होता.

सकाळी उजाडताच मी मांगराकडे गेले. वासराचे पुढचे दोन पाय बाहेर आले होते, खुरांवर फिकट पिवळी चकाकी. तांबडी आडवी होती. पलीकडची तिच्या पाठीशी बसून पोटावरून हात फिरवत होती आणि बागवाला वासराचे पाय फडक्याने धरून कळ येईल तेव्हाच हलकेच ओढत होता. नाक दिसले. मग डोके. डोके आल्यावर सगळे एकदम घडले, आणि आदल्या संध्याकाळी उडवीतून आणलेल्या पेंढ्यावर एक ओले, तांबूस, लांबच लांब पायांचे वासरू पडले. पलीकडचीने नाकातोंडातली घाण बोटाने काढली. वासरू शिंकले.

“पाडी!” बागवाला ओरडला. “आमच्या गावात जल्माक इली. म्हंजे माहेर आमचा!”

“मगे बारसाय तुमीच करा,” आजोबांनी बाहेरून ऐकवले. “बाळंतपणाचा गवत मातर आमच्या गावचा होता, ता इसरू नको.”

पाडी, म्हणजे कालवड, तीनदा पडली आणि चौथ्यांदा उभी राहिली. तेव्हा पलीकडची उठली आणि पदराची गाठ सोडून तिने माझा कागद माझ्या हातात दिला. तसबिरीमागून तो तिने निघताना काढून आणला होता.

“ह्यो दुरुस्त करून देवा, बाईनू. पुढच्या खेपेक मी आसन, नसन. जो कोण घरात आसात त्येका दाकवूक होयो.”

मी लगेच लिहिणार होते, पण मनाने थोपवले. पहिला कागद मी दोन शब्दांच्या नोंदीवर आणि एका फेरीवर लिहिला होता. दुसरा तसा लिहायचा नव्हता. दुपारी मी बागेच्या वरच्या टोकाला, सड्याच्या कडेपर्यंत चढले.

तिथून आमचे गाव दिसले, आणि गावात एकही माणूस नव्हता! इतकी वर्षे मी ते शिकवले, पण माणसे, गाड्या आणि धूर बाजूला सारून ते कधी पाहिले नव्हते. शाळेच्या पटांगणात मोर फिरत होते. घरांची ओळ मळ्याच्या कडेला अशी नेमकी बसली होती की कोणीतरी पट्टी लावून आखली असावी, आणि ती पट्टी म्हणजे पावसाळ्यातली पाण्याची पातळी, हे वरून पाहताना डोळ्यांनाच कळत होते. आणि पूर्वेला, पलीकडचीच्या घरामागून, करंज आणि भेंडीच्या झाडांची एक गर्द हिरवी कमान गेली होती. ओढ्याकाठची झाडे. पाणी गेले, झाडे तिथेच राहिली. ती कमान म्हणजे जुने वळण. कमानीच्या पोटात कौलारू छपराचे एकच घर होते, स्पष्ट आपल्या गावात. तिथे उभ्या उभ्या मी टाळी वाजवली. ऐकायला फक्त एक वानर होते.

खाली येऊन मी आजोबांना पुन्हा विचारले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्या वळणावर एकूण पाच चिरे आहेत. उरलेल्या दोन दिवसांत मला तिसरा सापडला, झाडांच्या त्याच ओळीत. मग मी नवा कागद लिहिला आणि पुस्तिकेतही तेच घातले : “पूर्वेस व्हाळाचे जुने, आता कोरडे असलेले पात्र, त्याच्या पैलकाठावरील खाचेचे चिरे ही हद्द. सध्या वाहणारा व्हाळ हद्द नव्हे. व्हाळ आणि जुने पात्र यांमधील घर गावात धरावे.” तिने तो मोठ्याने वाचून घेतला, एक शब्द अडला तिथे मला थांबवले आणि मग घडी घातली.

चौथा आणि पाचवा चिरा मला अद्याप सापडलेला नाही. माझ्या आखणीप्रमाणे ते उत्तरेच्या अंगाला, करवंदीच्या दाट जाळीत असावेत. परंतु ही आखणी पावलांनी केलेली आहे, आणि माझी पावले एकदा बरोबर असूनही उत्तर चुकले होते. म्हणून वाचकांना साधी विनंती आहे : आमच्या गावी यावे, होकायंत्र आणि टेप आणावी, पहिल्या चिऱ्यापासून सुरुवात करावी आणि मी येथे लिहिलेले प्रत्येक अंतर स्वतः मोजून पाहावे. चूक आढळल्यास मला सांगावे.